वाचक विचारतात: ड्राइव्ह, मोटर आणि जळणारे मॉसफेट

या वेळच्या टपालात ड्राइव्ह (मोटरला वीज पुरवून तिचा वेग ठरवणारं उपकरण) आणि मोटर यांच्याबद्दलची पत्रं सर्वांत जास्त होती. गिरणीपासून प्रयोगशाळेपर्यंत बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. ड्राइव्हमधून मोटरला गुळगुळीत लाट मिळत नाही. डीसी व्होल्टेजचे सेकंदाला हजारो तुकडे करून ते पाठवले जातात. हे तुकडे किती उंचीचे आहेत आणि मोटरपर्यंत कसे पोचतात, एवढं कागदावर मांडलं तर पुष्कळ खर्च वाचतो. खालचे हिशेब पत्रांतल्याच आकड्यांवर केले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे सिंगल फेज वीज आहे. पिठाच्या गिरणीला ३ एचपी, ४१५ व्होल्टची थ्री फेज मोटर असून पूर्वी ती कपॅसिटर लावून चालवत होतो. आता सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह बसवला. मोटर मोकळी छान फिरते, पण दाणे पडले की बसते आणि तापते. दुकानदार म्हणतो, ५ एचपीचा ड्राइव्ह घ्या. घेऊ का? (गिरणीमालक, जत तालुका)

घेऊ नका, मोठ्या ड्राइव्हनेही मोटर बसणारच. २३० व्होल्ट आत आले की ड्राइव्हच्या पोटात २३० गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होतं. त्यातून थ्री फेज काढलं तर दोन फेजांमध्ये जास्तीत जास्त २३० व्होल्ट मिळतात. तुमची मोटर ५० हर्ट्झला ४१५ मागते. इंडक्शन मोटरची ओढण्याची कमाल ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते: २३० भागिले ४१५, त्याचा वर्ग ०.३१. म्हणजे मोटरकडे एक तृतीयांशापेक्षा कमी जोर उरलाय. मोकळी फिरायला तेवढा पुरतो, दळायला पुरत नाही.

इलाज मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये आहे. आपल्याकडे ३ एचपीपर्यंतच्या मोटरी साधारणपणे ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एक-एक टोक एकत्र) जोडलेल्या असतात. म्हणजे प्रत्येक वाइंडिंगवर प्रत्यक्षात २४० व्होल्टच पडतात. तीच वाइंडिंग डेल्टामध्ये (टोकाला टोक, त्रिकोणात) जोडली की २३० व्होल्टवर मोटर जवळजवळ पूर्ण ताकद देते. झाकण उघडा. सहा बोल्ट असतील तर एका ओळीतल्या तिन्ही बोल्टांना जोडणारी पितळी पट्टी काढा आणि वरचा-खालचा बोल्ट जोडणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या लावा. तीनच बोल्ट असतील तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आत आहे. तो उघडून उरलेली तीन टोकं बाहेर काढून द्यायला वाइंडरला सांगा. रिवाइंडिंगची गरज नाही. आधी नेमप्लेट मात्र वाचा. ५ एचपी आणि वरच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टलाच डेल्टा असतात, त्यांना हा उपाय चालत नाही.

डेल्टा केल्यावर करंट १.७३ पट होतो. नेमप्लेटवर ४.६ अँपिअर असेल तर तो ८ होईल. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये मोटर व्होल्टेज २३०, करंट ८, फ्रिक्वेन्सी ५० भरा. ड्राइव्ह एचपी बघून न घेता आउटपुट अँपिअर बघून घ्यावा. गिरणीत दाणा अडकून जोर लागतो, म्हणून १० अँपिअर किंवा वरचा हवा. आतल्या बाजूचा करंट पाहून घाबरू नका. पूर्ण भाराला तो १८ ते २० अँपिअर दिसेल, कारण ड्राइव्हचा रेक्टिफायर लाटेच्या फक्त माथ्यावर वीज ओढतो. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि जमल्यास इनपुट चोक (करंटचे झटके अडवणारी कॉइल) लावा. कनेक्शनचा मंजूर भार तेवढा आहे का, हेही तपासा.

आणखी एक गोष्ट, आणि ती आजच करा: जुने कपॅसिटर मोटरवर अजून लटकत असतील तर काढून टाका. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर राहिला की प्रत्येक तुकड्याबरोबर त्यात करंटचा झटका जातो आणि ड्राइव्हचे आयजीबीटी (डीसीचे तुकडे करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) मरतात.

प्रश्न : ७.५ एचपी सबमर्सिबल, सौर कंट्रोलर (सौर पॅनेलवर चालणारा ड्राइव्ह). बोअर ६५० फूट, पंपापर्यंतची केबल २२० मीटर. दीड वर्षात दोनदा वाइंडिंग जळालं. वाइंडर म्हणतो की दोन्ही वेळा टोकाजवळच्या वेढ्यांमध्येच जळालं, बाकी तार चांगली होती. ढगाळ हवेत मोटर फिरत असल्याचं कंट्रोलर दाखवतो, पण पाणी येत नाही. (शेतकरी, आटपाडी)

वाइंडरने मोलाची माहिती दिली आहे. ओव्हरलोडने जळालेलं वाइंडिंग सगळीकडे काळं पडतं. फक्त टोकाजवळचे वेढे जळाले तर बहुतेकदा कारण लांब केबल असतं.

कंट्रोलरचे आयजीबीटी ०.१ ते ०.२ मायक्रोसेकंदात शून्यावरून ५९० व्होल्टवर उडी मारतात. ही उडी केबलमधून मायक्रोसेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने धावते. पाटाच्या पाण्याची लाट बंद दारावर आपटून जशी उंच उठते, तशी ती मोटरच्या तोंडाशी आपटून जवळजवळ दुप्पट होते, म्हणजे ११०० ते १२०० व्होल्ट. हे सुरू व्हायला केबल फार लांब लागत नाही: ०.१ मायक्रोसेकंदाच्या उडीला साडेसात मीटर, ०.२ ला पंधरा मीटर. तुमची २२० मीटर आहे. उडी इतकी तीव्र असते की ती सगळ्या वेढ्यांत वाटली जात नाही, पहिल्या काही वेढ्यांवरच बहुतेक व्होल्टेज पडतं. तिथलंच इन्सुलेशन आधी फुटतं, हे वाइंडरच्या म्हणण्याशी जुळतं.

एवढ्या लांबीला कंट्रोलरच्या आउटपुटला साइन फिल्टर लावा. तो चोक आणि कपॅसिटर मिळून तुकड्यांची पुन्हा लाट करतो. वरच्या उत्तरात कपॅसिटर काढा म्हटलं आणि इथे लावा म्हणतोय, कारण इथे कपॅसिटरच्या आधी चोक आहे, तो झटका अडवतो. डीव्ही-डीटी फिल्टर स्वस्त असतो, पण तो उडीची फक्त धार कमी करतो. २२० मीटरला त्यावर भिस्त ठेवू नये. फिल्टर येईपर्यंत कॅरियर फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती तुकडे पडतात तो आकडा) २ ते ३ किलोहर्ट्झवर आणा. त्याने धक्क्याची उंची कमी होत नाही, संख्या कमी होते. फिल्टर बसल्यावर मात्र त्याच्या लेबलवरची किमान कॅरियर फ्रिक्वेन्सी पाळा. तिच्या खाली गेलात तर फिल्टरच तापून जातो.

मोटर पुन्हा सोडल्यावर कंट्रोलरपासून केबल सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) केबलसह मोजा. २ मेगाओहम किंवा जास्त असेल तर ठीक. पुढे कधी अर्ध्या मेगाओहमच्या खाली आलं तर जळायची वाट न बघता मोटर वर काढा.

ढगाळ हवेची तक्रार वेगळी आहे आणि तीही मोटर मारते. पंपाचा दाब फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने घटतो. पंपाचा बंद व्हॉल्व्हचा हेड (व्हॉल्व्ह बंद असताना पंपाचा दाब, पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये) ५० हर्ट्झला २४० मीटर असेल तर ३० हर्ट्झला ०.३६ पट, म्हणजे ८६ मीटरच उरतो. पाणी १२० मीटरवर असेल तर ते वर येणार नाही. मोटर फिरत राहते, भोवतीचं पाणी हलत नाही, आणि सबमर्सिबलला थंड करणारं दुसरं काही नसतं. किमान फ्रिक्वेन्सी अशी काढा: पाण्याची खोली भागिले बंद हेड, त्याचं वर्गमूळ, गुणिले ५०. इथे १२० भागिले २४० चं वर्गमूळ ०.७०७, म्हणून ३५.४ हर्ट्झ. ३८ ठेवा. ऊन तेवढं देत नसेल तर कंट्रोलरने मोटर बंद करून थांबलं पाहिजे. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की हा आकडा पुन्हा काढा. सुरुवातीला मोटर एक-दोन सेकंदांतच ३० हर्ट्झच्या वर न्या. खालचं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या थरावर तरंगतं आणि तो थर मंद वेगात तयार होत नाही.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ई-सायकलचा कंट्रोलर बनवतोय. ४८ व्होल्ट १३ सेलची लिथियम बॅटरी, ५०० वॅट बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) हब मोटर, आयआरएफ ३२०५ मॉसफेट (वीज झटपट चालू-बंद करणारे स्विच) सहा, आयआर २११० ड्रायव्हर (मॉसफेटचं गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारं टोक, हलवणारी चिप) तीन, एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर. लॅबच्या २४ व्होल्ट सप्लायवर चाक मस्त फिरतं. बॅटरी लावून थ्रॉटल वाढवला की मॉसफेट फुटतात. आत्तापर्यंत १४ गेले. (चार विद्यार्थी, कराड)

बॅटरीवर ४८ लिहिलंय, पण १३ सेल पूर्ण भरले की १३ गुणिले ४.२, म्हणजे ५४.६ व्होल्ट होतात. आयआरएफ ३२०५ ची मर्यादा ५५ व्होल्ट आहे. मॉसफेट बंद होताना बोर्डाच्या ट्रॅकमधलं इंडक्टन्स वरून आणखी व्होल्टेज घालतं. ३० नॅनोहेन्रीमधून ३० अँपिअर ५० नॅनोसेकंदात तोडले तर ते १८ व्होल्ट होतं. ५५ चा भाग ७३ व्होल्ट सोसतोय. २४ व्होल्टवर हे सगळं मर्यादेत राहत होतं. १०० व्होल्टचे मॉसफेट घ्या, उदाहरणार्थ आयआरएफबी ४११०. ३२०५ वाईट नाही, तो १२ आणि २४ व्होल्टचा गडी आहे.

भाग बदलून थांबू नका, कारण पत्रासोबतच्या बोर्डाच्या फोटोत मोठे कपॅसिटर मॉसफेटपासून वायरने जोडलेले दिसतात. ती वायर म्हणजेच ते इंडक्टन्स. प्रत्येक लेगच्या (एका फेजच्या वर-खालच्या मॉसफेट जोडीच्या) वरच्या मॉसफेटचा ड्रेन आणि खालच्याचा सोर्स यांच्यामध्ये, अगदी पायांना खेटून, १ मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टचा सिरॅमिक किंवा फिल्म कपॅसिटर हवा. मोठे ४७० मायक्रोफॅरडचे त्याच्या शेजारी, तेही १०० व्होल्टचे.

मग डेड टाइम, म्हणजे जोडीतला एक मॉसफेट बंद होऊन दुसरा उघडेपर्यंतचा मोकळा वेळ. आयआर २११० स्वतःहून डेड टाइम घालत नाही. दोन्ही इनपुट वर गेले तर तो दोन्ही मॉसफेट उघडतो आणि बॅटरी सरळ शॉर्ट होते. एसटीएम३२ च्या टाइमर १ मध्ये डेड टाइमची सोय आहे. ७२ मेगाहर्ट्झ घड्याळावर रजिस्टरमध्ये ७२ लिहिलं की १ मायक्रोसेकंद मिळतो. साधे तीन टाइमर वापरून कोडमध्ये वेळ मोजत असाल तर ते सोडा. गेट रेझिस्टर १० ओहम ठेवा, आणि बंद होताना गेट झटकन रिकामं व्हावं म्हणून त्याला समांतर शॉटकी डायोड, गेटकडून ड्रायव्हरकडे वाहणारा. हा डायोड नसला तर समोरचा मॉसफेट उघडताना ड्रेन आणि गेट यांच्यामधल्या मिलर कपॅसिटन्समधून गेट वर ढकललं जातं आणि बंद असायला हवा तो अर्धवट उघडतो. असा बिघाड मल्टिमीटरवर कधीच दिसत नाही, मॉसफेट फक्त जास्त तापतो. प्रत्येक गेट ते सोर्स १० किलोओहम लावा. बूटस्ट्रॅप कपॅसिटरचा (वरच्या मॉसफेटच्या गेटला वीज पुरवणाऱ्या कपॅसिटरचा) हिशेब: गेटला १५० नॅनोकूलंब लागतात, ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट नको, म्हणून किमान ०.५ मायक्रोफॅरड; प्रत्यक्षात १ किंवा २.२ चा सिरॅमिक. तो खालचा मॉसफेट उघडल्यावरच भरतो, त्यामुळे ड्यूटी (वरचा मॉसफेट उघडा राहण्याचं प्रमाण) ९५ टक्क्यांवर अडवा आणि सुरू करताना खालचे तिन्ही मॉसफेट काही मिलिसेकंद उघडून ठेवा.

पंधरावा मॉसफेट लावण्याआधी मोटर काढा. ड्रायव्हरला १२ व्होल्ट द्या, मुख्य बस (मॉसफेटना वीज देणारी डीसी लाइन) रिकामी ठेवा, दोन्ही गेट एकाच वेळी ऑसिलोस्कोपवर बघा; दोन्ही खाली असलेला मधला अवकाश डोळ्यांनी दिसला पाहिजे. मग बसला १२ व्होल्ट, करंट मर्यादा १ अँपिअर. मोटर नसताना सप्लाय जवळजवळ शून्य दाखवेल. शे-दोनशे मिलिअँपिअर ओढत असेल तर शूट-थ्रू (जोडीतले दोन्ही मॉसफेट एकदम उघडून शॉर्ट) आहे, पुढे जाऊ नका. मग मोटर, मग २४, मग मालिकेत दिवा लावून बॅटरी. वरच्या गेटचं मोजमाप डिफरन्शियल प्रोबने करा. साध्या प्रोबची अर्थ क्लिप मोटरच्या फेजला लावलीत आणि सप्लायही अर्थ असला, तर शॉर्ट प्रोबमधूनच होईल.

हॉल सेन्सर (रोटरची जागा सांगणारे) १२० अंशांवर बसवलेले असतील तर त्यांचे ००० आणि १११ हे कोड कधीच बरोबर नसतात. ते आले की सगळे गेट बंद, ही ओळ कोडमध्ये पहिली असावी.

प्रश्न : कपडा प्रोसेसिंगमध्ये ओला कपडा फिरवून पिळणाऱ्या हायड्रो एक्स्ट्रॅक्टरला १५ एचपीचा ड्राइव्ह लावलाय. ९०० आरपीएमवरून २० सेकंदांत थांबवायला गेलं की 'ओव्हर व्होल्टेज' ट्रिप. ८० सेकंद दिले तर ट्रिप होत नाही, पण उत्पादन घटतं. (इचलकरंजी)

थांबवताना ड्रम मोटर फिरवतो, मोटर जनरेटर होते आणि वीज ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये परत येते. किती, ते बघा. ओला कपडा आणि ड्रम मिळून १०० किलो, सरासरी ०.४५ मीटर त्रिज्येवर धरले तर जडत्व २० किलो-चौरस मीटर. ९०० आरपीएमला त्यात सुमारे ८९ किलोज्यूल ऊर्जा असते. ड्राइव्हमधला कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा धरला, तर ५९० वरून ८०० व्होल्टपर्यंत चढताना त्यात १४६ ज्यूल मावतात. म्हणून ट्रिप होतो. ८० सेकंदांत हीच ऊर्जा मोटरच्या आणि घर्षणाच्या नुकसानीत जिरते.

परत आलेली वीज उष्णता करून जिरवणारा ब्रेक रेझिस्टर लावा. २० सेकंदांत सरासरी ४.४५ किलोवॅट, आणि सुरुवातीला वेग पूर्ण असल्याने दुप्पट, ८.९ किलोवॅट. चॉपर (रेझिस्टर जोडणारा ड्राइव्हमधला स्विच) ७६० व्होल्टला चालू होत असेल तर ७६० चा वर्ग भागिले ८९००, म्हणजे ६५ ओहमपेक्षा जास्त रेझिस्टर चालणार नाही. ५० ओहम घ्या, पण ड्राइव्हच्या माहितीपत्रकातला किमान ओहम त्याहून कमी आहे ना, हे पाहून. त्याच्या खाली गेलात तर चॉपरचा ट्रान्झिस्टर जातो. दर १० मिनिटांनी एकदा थांबवत असाल तर सरासरी फक्त १५० वॅट होतात, आणि इथेच लोक २०० वॅटचा रेझिस्टर घेऊन फसतात. ८९ किलोज्यूल २० सेकंदांत एकदम येतात. १ किलो पोलाद त्याने जवळपास १८० अंशांनी तापतं. १ ते दीड किलोवॅटचा वायरवाउंड घ्या, त्यावर थर्मल स्विच बसवून मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून न्या, आणि कापसाच्या धुळीपासून लांब, जाळीच्या पेटीत ठेवा. चॉपरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर रेझिस्टर सतत तापत राहतो, तेव्हा तो स्विचच आग टाळतो.

प्रश्न : सोसायटीच्या पंपाला ड्राइव्ह बसवल्यापासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थमध्ये गळती झाली की तुटणारा स्विच) उडतो. काढून टाकू का? (पुणे)

काढू नका. ड्राइव्हच्या आतला फिल्टर अर्थमध्ये थोडा करंट सोडतो, मोटर केबलही सोडते. ड्राइव्हला वेगळं सर्किट द्या, त्यावर टाइप बी चा (डीसी गळतीही ओळखणारा) आरसीसीबी ड्राइव्हच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या संवेदनशीलतेचा बसवा, शील्ड असलेली केबल घ्या आणि ती आखूड ठेवा.

प्रश्न : संशोधनासाठी १.५ किलोवॅटची परमनंट मॅग्नेट मोटर फील्ड ओरिएंटेड कंट्रोलवर (रोटरच्या चुंबकाची दिशा धरून करंट ठरवण्याच्या पद्धतीवर) चालवतोय. बस ५६० व्होल्ट, स्विचिंग १० किलोहर्ट्झ, डेड टाइम २ मायक्रोसेकंद. एलसीआर मीटरने दोन टर्मिनलमध्ये १६ मिलिहेन्री आणि २.४ ओहम मोजून ५०० हर्ट्झ बँडविड्थसाठी पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोलरचे गेन काढले, पण करंट डोलतो. ५० आरपीएमला टॉर्क थरथरतो. शिवाय मार्गदर्शक विचारतात, यात नवीन काय? (संशोधक विद्यार्थी, नागपूर)

डोलण्याचं कारण मोजमापात आहे. दोन टर्मिनलमध्ये दोन फेज मालिकेत येतात. एका फेजचे ८ मिलिहेन्री आणि १.२ ओहम. ५०० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३१४२ रेडियन, त्यामुळे प्रपोर्शनल गेन ३१४२ गुणिले ०.००८, म्हणजे २५ व्होल्ट प्रति अँपिअर. तुम्ही १६ मिलिहेन्री धरून ५० घातलाय आणि नकळत १००० हर्ट्झ मागताय. गणन आणि पीडब्ल्यूएम (व्होल्टेजचे तुकडे पाडणं) मिळून दीड सॅम्पलचा, १५० मायक्रोसेकंदाचा उशीर आहे. ५०० हर्ट्झला तो २७ अंश खातो आणि ६३ अंशांची फेज मार्जिन (डोलण्याआधीची शिल्लक) उरते. १००० ला ५४ अंश खाऊन ३६ उरते. तेच तुम्हाला डोलताना दिसतं. इंटिग्रल गेन ३१४२ गुणिले १.२, म्हणजे ३७७०. कोडमध्ये तो सॅम्पल काळाने गुणायचा, ०.३७७. हा गुणाकार विसरणं ही दुसरी नेहमीची चूक, तीही तपासा. रोटर हाताने हळू फिरवत मीटर बघा: सर्वांत कमी वाचनाचं अर्ध डी अक्षाचं (रोटरच्या चुंबकाच्या रेषेतलं), सर्वांत जास्तीचं अर्ध क्यू अक्षाचं (त्याला काटकोनातलं). दोहोंत फरक असेल तर दोन वेगळे गेन ठेवा.

थरथर डेड टाइमची. दर फेजला ५६० गुणिले २ मायक्रोसेकंद गुणिले १०,०००, म्हणजे ११.२ व्होल्टची चूक होते आणि करंटची दिशा बदलली की तिची खूण (अधिक-उणे) बदलते. ५० आरपीएमला मोटरला लागणारं व्होल्टेजच त्या घरात असतं. चुकीत ५वा आणि ७वा हार्मोनिक (मूळ लाटेच्या ५ आणि ७ पट फ्रिक्वेन्सीची लाट) असतो, डी-क्यू मध्ये तो ६वा होऊन टॉर्कमध्ये उतरतो.

नवेपणाबद्दल. हासे यांनी जर्मनीतल्या दार्मश्टाटला १९६९मध्ये आणि सीमेन्सच्या ब्लाश्के यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फील्ड ओरिएंटेड कंट्रोलची ही पद्धत मांडली. ताकाहाशी आणि नोगुची यांची थेट टॉर्क नियंत्रणाची पद्धत १९८६ची. आणखी एक ब्लॉक आकृती काढून त्यात भर पडत नाही. आपल्याकडचं काम बघायचं तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. गोपकुमार यांच्या गटाने इंडक्शन मोटरच्या वाइंडिंगला दोन्ही टोकांनी इन्व्हर्टर (डीसीपासून एसी करणारं सर्किट) जोडून षट्कोनाऐवजी बाराकोनी व्होल्टेज सदिश मिळवले. त्याने ५वा आणि ७वा हार्मोनिक मुळातूनच जातो. प्रश्नाच्या मुळाशी जाणं ते हेच.

तुमच्या टेबलावर मात्र चांगला विषय आयता पडलाय: कमी वेगातली डेड टाइम भरपाई. करंटच्या खुणेनुसार ११.२ व्होल्ट मिळवण्याची साधी रीत करंट शून्याजवळ फसते; आवाजामुळे खूण चुकते आणि चूक दुप्पट होते. म्हणून शून्याभोवती, रेटेड करंटच्या दोन-तीन टक्क्यांच्या पट्ट्यात, भरपाई तिरकी रेघ धरून शून्यावर आणा. ती रेघ खरी कशी आहे हे मोजता येतं. रोटर स्थिर ठेवून ए फेजमध्ये डीसी करंट सोडा, तो बी आणि सी मधून अर्धा-अर्धा परत येईल. ०.१ अँपिअरपासून रेटेडपर्यंत दहा-बारा पायऱ्या घ्या आणि प्रत्येक पायरीला कंट्रोलरने मागितलेलं व्होल्टेज नोंदवा. आलेखाचा वरचा भाग सरळ येईल. त्याचा उतार म्हणजे रेझिस्टन्स, तो १.२ ओहमच्या थोडा वर यावा. ती सरळ रेघ मागे शून्य करंटपर्यंत वाढवल्यावर मिळणारा छेद ११.२ च्या चार तृतीयांश, सुमारे १५ व्होल्ट यावा. आणि शून्याजवळचा वाकलेला भाग हीच तुमच्या इन्व्हर्टरची भरपाईची रेघ. छेद फारच वेगळा आला तर आधी गेटवरचा डेड टाइम ऑसिलोस्कोपने मोजा, कारण ऑप्टोकप्लरचा (गेटकडे प्रकाशातून सिग्नल पोचवणाऱ्या भागाचा) चालू होण्याचा आणि बंद होण्याचा उशीर सारखा नसतो आणि कोडमधले २ मायक्रोसेकंद गेटपर्यंत २ राहत नाहीत.